भिंतीपर्यंतचा उतार

शाळेच्या भिंतीवर हातोडीची मूठ वाजवायची आणि गिलावा आतून भरीव आहे की पोकळ ते ओळखायचं, ही माझी नोकरी. लोकांना ती फार मोठी वाटायची. गावात जीप शिरली की कुणाच्या तरी घरातून आधी कपबशा निघायच्या, मग खुर्ची. मी खुर्चीवर बसून चहा प्यायचो आणि उठून भिंतीला कान लावत फिरायचो. मागून अर्धा गाव फिरायचा. भदभद आवाज आला की तिथं खडूनं गोल करायचा. कंत्राटदार म्हणायचा, "सायेब, एवढा पावसाळा जाऊ द्या, सगळं करून देतो." पावसाळा जायचा, त्याबरोबर खडूचा गोलही जायचा आणि गिलावा तेवढा जिथल्या तिथं पोकळ राहायचा.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी बेळगावातून डिप्लोमा करून तालुक्याच्या बांधकाम खात्यात चिकटलो. घर वडगावात, नोकरी निपाणीकडच्या भागात. शनिवारी संध्याकाळच्या बसनं घरी यायचो आणि रविवारभर शेजारच्या विणकरांच्या मागांचा खटखटाट ऐकत झोपायचो. आमच्या घरात साहेब झालेला मी पहिलाच. वडील दोन वर्षं शाळेत गेले होते, पण बाहेर सोप्यात बसून. आमच्या लोकांना तेव्हा आत घेत नसत. पाऊस आला की बाकीच्यांची शाळा चालू आणि वडिलांना सुट्टी. त्यामुळं असेल, पण कुठलीही शाळा बघताना माझी नजर आधी उंबऱ्याकडं जायची. माझ्याबरोबरचे लोक स्लॅब बघायचे.

ते दिवस शाळांच्या दुरुस्तीचे होते. सिमेंट परमिटवर मिळायचं, म्हणजे बहुतेक वेळा मिळायचं नाही. मिळालं तर त्यातलं निम्मं कुणाच्या तरी घराच्या पायरीला लागायचं. वाळू वेदगंगेची, चांगली; पण धुवायची कुणी? एकदा मला दुसऱ्याच्या बदली कणकुंबीकडची एक शाळा बघायला पाठवलं. नवे वासे, नवी कौलं, नवा रंग. बाहेर पाऊस थांबला होता, आत पडत होता. गुरुजींनी टेबलाच्या पायाला एक छत्री कायमची बांधून ठेवली होती. मी विचारलं, "दुरुस्तीच्या आधी गळत होतं का?"

"आधी एका कोपऱ्यात गळायचं," गुरुजी म्हणाले, "आता सगळ्यांना सारखं मिळतं."

ते हसले नाहीत. मीही न हसता लिहून घेतलं आणि घाट उतरलो. असल्या शाळा मी किती बघितल्या ते सांगत बसत नाही. एकीचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ते गाव निपाणी-बेळगाव रस्त्यापासून थोडं आत होतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले म्हणतील आमचंच का, आणि शेजारच्या गावचे म्हणतील आमचं का नाही. शाळेची इमारत एकच, लांबलचक, कौलारू. मधोमध एक आडवी भिंत. भिंतीच्या उगवतीला मराठी शाळा, मावळतीला कन्नड. दोन हेडमास्तर, दोन घंटा, दोन हजेरीपट. संडास तेवढा एकच आणि तोही बंद. गावातली माणसं घरात मराठी बोलायची, बाजारात कन्नड, आणि भांडताना दोन्ही.

त्या गावात एक जुनी रीत होती. दोन शाळांमध्ये जे काही यायचं ते निम्मं-निम्मं. झाडांची रोपं आली, मोजून दोन्हीकडं. दुधाच्या भुकटीचं पोतं आलं, तागडी काढा. अंगणातली जागा वाटायची असली की पंच सुताराकडून दोरी आणत. दोन माणसं दोन टोकांना, आणि तिसरा दोरी दुमडून मध्य काढून तिथं बोट ठेवणार. दोरीनं ठरलं की भांडण मिटलं, मग त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही. मला ही रीत तेव्हा आवडली होती. शहरात भाषेवरून डोकी फुटत होती, आणि इथं नुसत्या दोरीवर भागत होतं.

दुरुस्तीचा अंदाज काढायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा ती मुलगी बघितली. वय दहा-अकरा. दोन्ही पाय पोलिओनं गेलेले. हातांत रबरी चपला अडकवून, हातांवर भार टाकत ती अंगणातून सरकत आली, सोप्यावर आली, सोप्यातून वर्गात गेली, भिंतीला टेकून बसली आणि दप्तर काढून पाटी पुसायला लागली. कुणी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. मला ते फार बरं वाटलं. जुन्या इमारतीचं जोतं खचून खचून अंगणाला टेकलं होतं, उंबरा वाळवीनं खाल्ला होता. शाळा मोडकी होती म्हणूनच त्या पोरीला आत जाता येत होतं.

मराठी शाळेचे गुरुजी खानापूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, अंगानं आडवे आणि बोलायला मऊ. ते म्हणाले, "बाप नाही तिला. आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत जाते, दिवस उजाडायच्या आत. मग ही आपली आपण येते, आपली आपण जाते. गणितात वर्गात पहिली. आईच्या मनात तिला मास्तरीण करायचं आहे. बसून करायची नोकरी ना ती, असं म्हणते."

जोतं उंच करणं भाग होतं. पावसाळ्यात अंगणातलं पाणी वर्गात शिरायचं आणि मुलं त्यात होड्या सोडायची. पण जोतं वर गेलं की पायऱ्या आल्या, आणि पायऱ्या आल्या की ती पोरगी बाहेर. नशिबानं त्याच सुमाराला अपंगांच्या सोयी बघाव्यात असा एक कागद वरून आला होता. असे कागद येतात आणि पेपरवेटखाली राहतात. मी तो शोधून काढला आणि साहेबांपुढं ठेवला. आमचे साहेब स्वभावानं वाईट नव्हते, फक्त त्यांना कशाचंच काही वाटत नसे. म्हणाले, "शाळेला उतार कशाला? तिथं काय गूळ भरायचाय?" मी कागद दाखवला. त्यांनी सही केली. मराठी शाळेच्या पायऱ्यांच्या बाजूला, थेट सोप्यात जाणारा उतार मी नकाशात काढला.

पुढच्या खेपेला मी तिला मुद्दाम सांगितलं की तुझ्यासाठी उतार होणार आहे. तिला त्याचं फार अप्रूप वाटलं नसावं. तिनं फक्त विचारलं, "चढ किती हाय? लई उभा करू नगा. मला हातानं सरकायचं असतंय."

मी तिच्या पाटीवर खडूनं काढून दाखवला. तिनं मान हलवली, "आनखी थोडा लांब करा." मी केला. कागदावर लांब करायला काय जातंय?

काम सुरू झालं तसं शाळा देवळात गेली. एक बाजू मराठीला, एक कन्नडला, मध्ये दोरी. पाया भरताना मी गेलो होतो. मग सिमेंटचं परमिट अडलं, मग गवंडी उसाच्या हंगामाला गेले, मग मला दुसऱ्या तालुक्यात पुलाच्या कामावर पाठवलं. मी परत येईपर्यंत वर्ष उलटून गेलं होतं आणि शाळा बांधून तयार होती.

लांबून बघितली तर छान दिसत होती. पिवळा रंग, तांबडी कौलं, हिरव्या खिडक्या. जवळ गेलो आणि नेहमीचं सुरू झालं. हातोडी लावली तिथं भदभद. खिडक्यांच्या चौकटी ओल्या लाकडाच्या, आत्ताच पिळवटलेल्या. फरशीला उतार बाहेर हवा तो आत. ओळंबा सोडला तर कोपरा असा सुटलेला की डोळ्यांनीही दिसावा. मी खडू काढला. कंत्राटदारानं पावसाळ्याचं नाव काढलं. इथपर्यंत मला राग आला नव्हता, कारण इतकं तर मी धरूनच चालायचो.

मग अंगणात येऊन मी उतार बघितला. उतार होता. लांब, रुंद, घोटून गुळगुळीत केलेला, कडेला बोटभर उंच काठ. माझ्या नकाशापेक्षाही सुबक. आणि तो अंगणातून निघून हळूहळू वर चढत थेट मधल्या भिंतीला जाऊन टेकला होता. ती भिंत सोप्यातून पार पुढच्या कडेपर्यंत आलेली. तिच्या दोन्ही अंगांना सोप्याचा कठडा, कमरेएवढा. उतारावरून वर जायचं, भिंतीला नाक लावायचं आणि परत खाली यायचं. दुसरं काही करता येत नव्हतं.

मी कंत्राटदाराकडं बघितलं. तो म्हणाला, "गावानं सांगितलं तिथं केला, सायेब. माझ्याकडं बगू नगा."

गावानं काय सांगितलं ते तिथं उभ्या असलेल्या पंचांनी मोठ्या समाधानानं सांगितलं. उतार एकच मंजूर. तो मराठीकडं केला तर कन्नडवाले विचारणार, आमच्याकडं का नाही. कन्नडकडं केला तर मराठीवाले गप्प बसणार नाहीत. नकाशात मराठीकडं दाखवलाय म्हणून आधीच कुजबुज सुरू झाली होती. मग रीतीप्रमाणं दोरी आणली. एक टोक या कोपऱ्याला, एक त्या कोपऱ्याला, दोरी दुमडली, मध्य काढला. "कुनाच्या मनात काय राहिलं न्हाय बगा," पंच म्हणाले, "एक पोरगं बी बोललं न्हाय."

मी टेप लावला. उतार अगदी मधोमध होता, केसाचाही फरक नव्हता. त्या अख्ख्या इमारतीत ते एकच माप बिनचूक निघालं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो असा.

इथं कुणी असं समजू नये की मी कन्नडवाल्यांना बोल लावतोय. नकाशात उतार त्यांच्या अंगाला असता तर आपल्या लोकांनी हेच केलं असतं, कदाचित दोरी जास्त ताणून धरली असती. कुणी वाईट माणूस शोधायला गेलं तर तिथं तो नव्हता. मला त्याचाच जास्त संताप आला. चोर असता तर त्याच्यावर ओरडता आलं असतं.

मी गुरुजींना बाजूला घेतलं आणि विचारलं, "पोरगी येते का?"

गुरुजी म्हणाले, "पहिल्या दिवशी आली होती. उतारावरून वर गेली. वर जाऊन भिंतीला हात लावून बसली थोडा वेळ. मग खाली आली आणि पायऱ्यांकडं गेली."

"पायऱ्या चढता येतात तिला?"

"चढली ना. चढते. पण साहेब, आता मोठी झाली ती. पोटावर ओढत, परकर सावरत, सगळ्या शाळेसमोर चढायचं म्हणजे... वरच्या वर्गातली पोरं हसली. मी पोरांना बडवून काढलं, पण हसली ती हसलीच. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलींनी तिला उचलून घ्यायचा प्रयत्न केला, त्यात हात सुटला आणि हनुवटी फुटली. मी उचलून नेतो म्हटलं. तीच नको म्हणाली. आणि गाव आहे, साहेब. मोठ्या मुलीला मास्तरानं रोज उचलायचं म्हणजे चार तोंडं बोलणार."

"मग?"

"मग काही नाही. येत नाही ती."

उपाय इतका सोपा होता की मला त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत होईल असं वाटलं. उतार जिथं भिंतीला टेकतो तिथं दोन्ही अंगांचा कठडा माणूस जाईल एवढा फोडायचा. उतार एकच, पण वरून एक वाट मराठीत, एक कन्नडमध्ये. एका गवंड्याचं एका सकाळचं काम. मी पंचांना देवळात बसवलं आणि सांगितलं. सगळ्यांना पटलं. एक म्हातारे पंच तर म्हणाले, "हे आधी कसं सुचलं न्हाय?" चहा आला.

चहा संपता संपता मागून कुणीतरी विचारलं, "आधी कुनाचं फोडायचं?"

त्या प्रश्नानं देवळातली हवाच बदलली. आधी मराठीकडचं फोडलं आणि मग काही कारणानं काम थांबलं तर? मग उतार मराठीचा झाला. आधी कन्नडकडचं फोडलं तरी तेच, उलट. बराच वेळ खल झाला आणि ठरलं की दोन गवंडी आणायचे, एक या अंगाला, एक त्या अंगाला, आणि दोघांनी एकाच वेळी पहिला घाव घालायचा. हेही मला चाललं असतं. मी तर म्हटलं, उद्याच घाला. तेव्हा तेच म्हातारे पंच म्हणाले, "पर सायेब, सरकारी बिल्डिंग हाय. आमी घाव घातला आनि उद्या कुनी तक्रार केली तर? तुमी वरनं कागद आना. कागद आला की त्याच दिवशी फोडतो."

मला नाही म्हणता येईना, कारण त्यांचं बरोबर होतं. आत्ताच बांधून झालेलं सरकारी काम फोडायला मंजुरी लागतेच.

निघताना कन्नड शाळेचे हेडमास्तर माझ्याबरोबर फाट्यापर्यंत आले. धारवाडकडचे, वयस्क, गुडघेदुखीनं पार वाकलेले. नव्या पायऱ्या चढताना त्यांचाही जीव जायचा. दोघे हेडमास्तर दुपारी एकाच डब्यातलं जेवायचे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ते म्हणाले, "तुमच्या अंगाचं आधी फोडा की. मला काही नाही. ती पोर हुशार आहे हो, माझ्या वर्गात येऊन कन्नड वाचून दाखवते. पण मी म्हणून काय होतंय? मी परगावचा माणूस. एन माडोदु." शेवटचे दोन शब्द म्हणताना त्यांनी हात पसरले. काय करायचं, याला त्या भागात कुणाकडंच उत्तर नसतं, कुठल्याच भाषेत.

ऑफिसात मी सगळं सविस्तर लिहून दिलं. साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. "उतार बांधला आहे का?"

"बांधलाय, पण भिंतीला—"

"मग बांधला आहे असं लिही. कुठं जातो ते रकान्यात विचारलेलं नाही."

मी तरीही माझं लिहिणं वर बेळगावला पाठवायला लावलं. वरून प्रश्न आला की चूक कोणाची. मी लिहिलं, कोणाचीच नाही. हे उत्तर सरकारात बसत नाही. चूक कोणाचीच नसेल तर फोडायचं कशासाठी, अशी उलट विचारणा आली. मग साहेबांनी मला समजावलं की तू कंत्राटदाराच्या नावावर घाल. तसं घातलं असतं तर कंत्राटदारानं पंचांनी लिहून दिलेलं पत्र दाखवलं असतं आणि गाव आपसांत भांडलं असतं. ते घोंगडं भिजत पडलं. मी दर आठवड्याला कारकुनाला विचारायचो. तो मला बघितलं की आधीच मान हलवायचा. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण सहा महिन्यांनंतर काय करायचं ते म्हणीत सांगितलेलं नाही.

मधल्या काळात मोठे पाहुणे येऊन शाळेचं उद्घाटन झालं. पाहुणे पायऱ्यांवरून चढले, पायऱ्यांवरून उतरले. भाषणात त्यांनी उताराचं कौतुक केलं, की एवढ्याशा गावात अपंगांचा विचार झाला. टाळ्या पडल्या. मग उतारावर उभं राहून सगळ्यांचा फोटो निघाला, दोन्ही हेडमास्तर, पंच, कंत्राटदार, आमचे साहेब. माणसं इतकी होती की मागची भिंत फोटोत आलीच नाही. मला पुढं बोलावत होते. मी गेलो नाही, फोडलेल्या नारळाच्या करवंट्या वेचायचं निमित्त करून एका कडेला राहिलो. त्या गर्दीत मी तिला शोधत होतो. ती नव्हती.

काम पूर्ण झाल्याच्या कागदावर मी सही करायचं टाळत राहिलो. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं, मला नुसता राग आला होता. साहेब म्हणाले, "तुझ्या सहीवाचून शाळा पडणार आहे का?" खरंच पडली नाही. माझी बदली खानापूरकडं झाली, माझ्या जागी आलेल्या माणसानं पहिल्याच आठवड्यात सही केली, आणि तो माणूसही वाईट नव्हता. माझ्या न केलेल्या सहीनं जगात काहीही झालं नाही, हे मला पुढं कित्येक वर्षं टोचत राहिलं. सही केली असती तरी तेच झालं असतं, ही त्यातली खरी गोष्ट.

दोन-तीन वर्षांनी, ऐंशीच्या दशकाच्या मध्याला, काही कामानं निपाणीला निघालो होतो. बस फाट्यावर थांबली आणि मी काही न ठरवता उतरलो. आधी शाळेकडं गेलो. सुट्टीचा दिवस होता. उतारावर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या, अर्ध्या या अंगाला, अर्ध्या त्या अंगाला, मध्ये चालायला वाट ठेवून. उतार अजून गुळगुळीत होता. गिलावा मात्र ठिकठिकाणी ढासळला होता, मी गोल केले होते तिथंही आणि नव्हते केले तिथंही. कठडा शाबूत होता. मंजुरीचा कागद कधी आलाच नव्हता, आणि तो मागणारं आता कुणी उरलं नव्हतं. गुरुजींची बदली झाली होती. कन्नडचे हेडमास्तर निवृत्त होऊन गावी गेले होते.

मुलीचं घर विचारत गेलो. गल्लीच्या शेवटी एक खोली, दारात शेणानं सारवलेली जागा. आई घरातच होती. मी कोण ते तिला सांगावं लागलं नाही. "तुमी शाळेचं सायेब न्हवं?" म्हणाली आणि पाट आणून दिला. मुलगी दाराशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. पंधरा-सोळाची झाली होती. बोटं इतकी भराभर चालत होती की मला बघवेना. पान, तंबाखू, वळ, दोरा, आणि पुढची. माझ्याकडं बघून हसली, पण हात थांबले नाहीत.

मी आईला विचारलं, "पुढं कुठं शाळेत घातलं नाही?"

"कुठं घालायचं, सायेब? तालुक्याला घालायचं तर न्यायचं कुनी? हितली व्हती ती दारात व्हती." मग म्हणाली, "शाळा लई चांगली झाली म्हणत्यात सगळी. पाऊस आला तर पानी शिरत न्हाय म्हणं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "व्हय, पाणी नाही शिरत." मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त, लाज वाटून काही उपयोग नाही याचं वाईट वाटलं. आई चहा करायला आत गेली.

आम्ही दोघंच उरलो तेव्हा मुलीनं विचारलं, "सायेब, आत शिरल्यावर फळा कुठल्या हाताला हाय?"

मला आधी कळेना. मग लक्षात आलं की ती नव्या शाळेबद्दल विचारत होती, तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या.

"डाव्या," मी म्हटलं. "तू त्या पहिल्या दिवशी चढली होतीस ना? आत गेली नव्हतीस?"

"सोप्यापतोर गेलते. मग पोरं हसली, तितनंच परत फिरले." ती विडीला दोरा गुंडाळत म्हणाली. "खिडक्या किती हायत? उजेड समोरनं डोळ्यावर येतोय का पाठीमागनं येतोय?"

मी म्हटलं, "पाठीमागून येतो."

"मग बरं दिसत असंल." तिनं विडी सुपात टाकली आणि नवीन पान घेतलं. "पोरी सांगत्यात मला. पर एक एक सांगती, दुसरी दुसरंच सांगती. तुमी सगळं मोजलंय न्हवं, म्हनून तुमास्नी इच्यारलं."